ड्युटी शून्य, तरी माल का हलत नाही?

ढाक्यात शिवलेल्या शर्टवर भारतात बेसिक कस्टम्स ड्युटी लागत नाही. साफ्टा म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार. त्यात अल्पविकसित देशांसाठी भारताने राखून ठेवलेली 'संवेदनशील यादी' नोव्हेंबर 2011 मध्ये 480 वस्तूंवरून 25 वर आणली गेली. उरलेल्या 25 मध्ये मुख्यतः दारू आणि तंबाखू. त्यानंतर बांगलादेशचे कपडे बेनापोल-पेट्रापोलच्या चौकीवरून ट्रकने येत राहिले. मग 17 मे 2025 ला डीजीएफटीची, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाची, अधिसूचना निघाली: हे कपडे जमिनीवरच्या कुठल्याही चौकीतून येणार नाहीत, आले तर न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच येतील. ड्युटी जशी होती तशीच, शून्य. पण सीमेपलीकडून ट्रकने येणाऱ्या मालाला आता जहाज शोधायचं, आणि न्हावा शेवाला उतरवायचा तर अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालायचा.

एवढ्या एका उदाहरणात या विषयाचं बरंचसं सार आहे. करार ड्युटी काढून टाकतो. माल हलतो तो बाजाराचा आकार, पोचवायचा खर्च, समोरच्याकडे आपल्यापेक्षा वेगळं काय पिकतं आणि कागद किती सरळ आहेत, यांवर.

आधी एक व्याख्या, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातून निघतो. मुक्त व्यापार क्षेत्रात सदस्य देश एकमेकांच्या मालावरची ड्युटी कमी किंवा शून्य करतात, पण बाहेरच्या देशांसाठी प्रत्येकाचा दर स्वतःचा राहतो. युरोपीय संघासारख्या कस्टम्स युनियनमध्ये बाहेरच्यांसाठीचा दरही एकच असतो. दर वेगवेगळे राहिले, की ज्याच्याकडे दर कमी त्याच्या दारातून माल आत घ्यायचा आणि शेजाऱ्याकडे शून्य ड्युटीने ढकलायचा, हा मोह तयार होतो. तो रोखायला लागतात 'ओरिजिन'चे नियम, म्हणजे माल मुळात कुठल्या देशाचा हे ठरवणारे. त्यांच्याकडे येऊच.

आकार भागिले अंतर

यान टिनबर्गेन या डच अर्थतज्ज्ञाने 1962 मध्ये एक साधं सूत्र मांडलं. दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो आणि अंतराप्रमाणे घटतो. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच, म्हणून नावही 'ग्रॅव्हिटी मॉडेल'. 1969 मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना रॅग्नर फ्रिश यांच्याबरोबर मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण व्यापाराचा अभ्यास करणारे आजही सुरुवात याच सूत्राने करतात. पुढे शेकडो अभ्यास झाले आणि सरासरी उत्तर फारसं हललं नाही: अंतर दुप्पट झालं की व्यापार जवळपास निम्मा.

गंमत म्हणजे कंटेनरमुळे समुद्री भाडं इतकं उतरूनही अंतराचा हा परिणाम पुसला गेलेला नाही. कारण अंतर म्हणजे नुसतं भाडं नसतं. माल पाण्यावर असतो तितके दिवस पैसा अडकतो, फॅशनचा किंवा नाशवंत माल जुना होतो, तक्रार आली तर माणूस पाठवणं महाग पडतं. न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली सुमारे 1,200 सागरी मैल, तर सिंगापूर साधारण 2,400. भारत-यूएई करार 1 मे 2022 ला लागू झाला, पण वाशीचा व्यापारी दुबईला माल पाठवत होता तो त्याच्या कितीतरी आधीपासून.

अंतराइतकीच जड असते सीमा. जॉन मॅकॅलम यांनी 1995 मध्ये कॅनडाचे 1988 चे आकडे तपासले. आकार आणि अंतर सारखं धरलं तर कॅनडाचे प्रांत अमेरिकी राज्यांपेक्षा एकमेकांशी 22 पट व्यापार करत होते. भाषा बहुतांशी एक, संस्था ओळखीच्या, तरीही. नंतरच्या अभ्यासकांनी हिशोबाची पद्धत सुधारून हा आकडा बराच खाली आणला. सीमेचा परिणाम मात्र नाहीसा झाला नाही.

आपल्याकडची सीमा तर फारच जाड. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला 138 तास लागतात, असं जागतिक बँकेने 2021 च्या अहवालात नोंदवलं. त्यातले 28 तास एका ट्रकमधून माल उतरवून दुसऱ्यात चढवण्यात जातात, कारण एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशात पुढे जात नाही. पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीच्या चौकीवर हेच काम सहा तासांच्या आत होतं. त्याच बँकेचा 2018 चा हिशोब आणखी बोलका आहे: भारतीय कंपनीला शेजारच्या पाकिस्तानपेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे 20 टक्के स्वस्त पडत होतं. आणि 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के ड्युटी बसली, मे 2025 मध्ये आयातच बंद झाली. जून 2025 मध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) न्हावा शेवाला पाकिस्तानी मूळ असलेल्या मालाचे 39 कंटेनर पकडले, 1,115 टन. ते दुबईमार्गे, यूएईचा माल म्हणून आले होते. राजकारणाने रस्ता बंद केला की माल लांबचा रस्ता शोधतो, तो असा.

समोरच्याकडे वेगळं काय आहे?

दक्षिण आशियातल्या देशांच्या एकूण व्यापारात आपसातला वाटा सुमारे 5 टक्के. आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटात, तो चौथ्या हिश्शाच्या आसपास, युरोपीय संघात सुमारे 60 टक्के. साफ्टा 1 जानेवारी 2006 पासून लागू आहे, म्हणजे 'अजून नवीन आहे' ही सबब आता चालत नाही.

एक कारण सीमा, ते वर आलंच. दुसरं असं की शेजाऱ्यांची टोपली सारखीच आहे. चहा, तांदूळ, कापूस, तयार कपडे. दोन गावांत कांदाच पिकत असेल तर ती एकमेकांच्या बाजारात फार खरेदी करत नाहीत. दोन्ही गावं गाडी वाशीला पाठवतात. बांगलादेश, श्रीलंका आणि भारत हे तिघेही कपडे अमेरिकेला आणि युरोपला विकतात, तसंच.

पण मग जर्मनी आणि फ्रान्स दोघेही मोटारी बनवतात आणि तरी एकमेकांना मोटारी विकतात, ते कसं? तिथे व्यापार एकाच उद्योगाच्या आत चालतो. वेगळा ब्रँड, वेगळा दर्जा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग. आसियानचं इंजिन हेच आहे. एखादा भाग मलेशियात बनतो, थायलंडमध्ये जोडला जातो, व्हिएतनाममध्ये त्याची पूर्ण वस्तू होते. तीच वस्तू अर्धवट अवस्थेत दोन-तीनदा सीमा ओलांडते आणि दर खेपेला व्यापाराच्या आकड्यात मोजली जाते. अशा साखळीत 5 टक्के ड्युटीही तीनदा बसली तर जड होते, म्हणून ती शून्य झाल्याचा फायदा खरोखर मोठा. तयार शर्टाच्या व्यापारात सीमा एकदाच ओलांडली जाते.

हापूसचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. 2007 मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेचा बाजार उघडला, आणि भारत-अमेरिका मुक्त व्यापार करार तेव्हा नव्हता. अडसर ड्युटीचा नव्हता, कोयीतल्या किडीचा होता. तो सुटला विकिरणाने: फळाला किमान 400 ग्रे मात्रा, अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली. आधी हे काम लासलगावला व्हायचं, पुढे पणन मंडळाचं केंद्र वाशीतच झालं. युरोपची अट वेगळी, 48 अंशांच्या पाण्यात 60 मिनिटं. फळमाशी सापडली म्हणून युरोपने मे 2014 मध्ये हापूस बंद केला आणि 2015 मध्ये पुन्हा उघडला, तो प्रक्रिया सुधारल्यावर. करारांच्या बातम्यांत टक्के छापून येतात. पाण्याचं तापमान येत नाही.

मिरी कुणाची?

आता ओरिजिन. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये काळ्या मिरीचा विषय काढा, हा नियम कुणालाही पुस्तकाशिवाय समजावता येईल.

मिरीवर भारताची साधारण ड्युटी 70 टक्के. जगात सर्वांत जास्त मिरी पिकवतो व्हिएतनाम. तो आसियान-भारत कराराखाली येतो, पण मिरी तिथे 'विशेष' वस्तूंत धरलेली असल्याने दर टप्प्याटप्प्याने 50 टक्क्यांपर्यंतच उतरला. श्रीलंकेचं तसं नाही. 1 मार्च 2000 पासून लागू असलेल्या भारत-श्रीलंका कराराखाली वर्षाला 2,500 टन मिरी बिनड्युटी येते, आणि त्यावरची साफ्टाखाली 8 टक्क्यांनी. म्हणजे 100 रुपयांच्या मिरीवर व्हिएतनामहून 50 रुपये ड्युटी, कोलंबोहून 8. मधले 42 रुपये ही सरळ सरळ प्रमाणपत्र बदलण्याची किंमत. मिरीच्या दाण्यावर देशाचं नाव लिहिलेलं नसतं. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची होऊन येते, ही केरळ-कर्नाटकच्या बागायतदारांची जुनी तक्रार. शेवटी सरकारने डिसेंबर 2017 मध्ये किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवली, आणि 2018 मध्ये त्याखालच्या मिरीची आयात बंद केली. निर्यातीसाठी प्रक्रिया करणाऱ्यांना सूट ठेवून.

मिरीसारख्या शेतमालाला नियम सोपा असतो: पूर्णपणे त्याच देशात पिकलेला हवा. सोपा नियमही मोडता येतो, हा भाग निराळा. कारखान्याच्या मालाला 'किती काम इथे झालं' हे मोजावं लागतं, आणि तिथे कायद्याच्या चौकटीत राहूनही पळवाट निघते. श्रीलंकेत तेलासाठी पामची लागवड थोडीच, पण बाहेरचं पामतेल आणून वनस्पती तूप बनवायचे कारखाने उभे राहिले, आणि ते तूप शून्य ड्युटीने भारतात येऊ लागलं. शेवटी त्यावर 2.5 लाख टनांचा कोटा लागला. नेपाळचं सोयाबीन तेल ही त्याचीच नवी आवृत्ती: तिथे सोयाबीन नावापुरतं पिकतं, पण सप्टेंबर 2024 मध्ये भारताने खाद्यतेलावरची ड्युटी वाढवताच नेपाळहून येणारं रिफाइन्ड तेल झपाट्याने वाढलं. कच्चं तेल बाहेरून नेपाळात, रिफाइन होऊन भारतात. याला व्यापाराची वाढ म्हणायचं का? आकड्यात ती वाढच दिसते.

रबाळ्याचा पंप

निर्यातीच्या बाजूने हिशोब करून पाहू. समजा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळ्याला, एक कारखाना सेंट्रिफ्यूगल पंप बनवतो आणि व्हिएतनामला पाठवतो. आसियान-भारत करारात बहुतेक मालाला दोन अटी एकदम पुऱ्या कराव्या लागतात. पहिली, बाहेरून आणलेल्या भागाचा आणि तयार वस्तूचा एचएस कोड (जगभर मालाच्या वर्गीकरणासाठी वापरला जाणारा क्रमांक) पहिल्या सहा आकड्यांत वेगळा हवा. दुसरी, एफओबी किमतीत (माल जहाजावर चढवेपर्यंतच्या) करारातल्या देशांचा वाटा किमान 35 टक्के. म्हणजेच बाहेरच्या भागांची सीआयएफ किंमत (विमा आणि भाडं धरून) 65 टक्क्यांवर जाता कामा नये. शिवाय शेवटची प्रक्रिया निर्यात करणाऱ्या देशात व्हायला हवी.

पंप 8413.70 मध्ये, पंपाचे सुटे भाग 8413.91 मध्ये. चीनहून केसिंग आणि इम्पेलर आणून इथे मशीनिंग, जोडणी, चाचणी केली तर कोड बदलतो, पहिली अट सुटते. चीनहून तयार पंप आणून खोका बदलला आणि स्टिकर लावला तर कोडही बदलत नाही, आणि पॅकिंग-लेबलिंगला करार प्रक्रिया मानतच नाही.

दुसरी अट आकड्यांची. पंपाची एफओबी किंमत 10,000 रुपये, चिनी भागांची सीआयएफ किंमत 6,200. बाहेरचा वाटा 62 टक्के, पास. मग गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि सेल्सवाला 5 टक्के सोडतो. किंमत 9,500. आता 6,200 भागिले 9,500 म्हणजे 65.26 टक्के. नापास. पंप तोच, पण सवलत दिली त्या क्षणी तो कराराच्या दृष्टीने भारतीय राहिला नाही. उलट बाजूनेही हेच होतं: सीआयएफमध्ये भाडं धरलेलं असल्याने चीनहून येणाऱ्या कंटेनरचं भाडं चढलं तरी टक्का सरकतो. म्हणून 62 वर चालणाऱ्याने निश्चिंत राहू नये. 55 च्या खाली असेल तर श्वास घ्यायला जागा राहते. किंमत ठरवणारा आणि प्रमाणपत्राचा अर्ज भरणारा एकाच मजल्यावर बसत असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, हे दुखणं फार कारखान्यांत आहे.

इथेच आरसेपची, म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरेंच्या मोठ्या व्यापार कराराची, गोष्ट येते. भारत 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये त्यातून बाहेर पडला. उरलेल्या 15 देशांनी वर्षभराने सही केली आणि 1 जानेवारी 2022 ला तो लागू झाला. त्यात अनेक वस्तूंना 40 टक्क्यांची अट आहे, वरकरणी जास्त कडक. पण चीन, जपान, कोरिया, आसियान सगळे आत असल्याने एकाचे ओरिजिन सिद्ध झालेले भाग दुसऱ्याने आपलेच म्हणून मोजायचे, याला 'क्युम्युलेशन' म्हणतात. त्याच चिनी केसिंगचा पंप थायलंडमध्ये जोडून व्हिएतनामला गेला तर केसिंग 'आतलं' ठरू शकतं. रबाळ्यात जोडला तर ते 'बाहेरचं'. बाहेर पडणं बरोबर की चूक यावर वाद घाला, पण या एका ओळीचा खर्च त्या वादात धरला पाहिजे.

सवलत घ्यायची की सोडायची

आयातदाराच्या हिशोबाकडे वळू. 10 लाखांचा यंत्रभाग, बेसिक ड्युटी 7.5 टक्के धरा. 75,000 बेसिक, त्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज 7,500, मग 10,82,500 वर 18 टक्क्यांनी आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 1,94,850. कराराखाली बेसिक शून्य, म्हणून सरचार्जही शून्य, आणि आयजीएसटी 1,80,000. कागदावर वाचले 97,350. पण आयजीएसटीचं क्रेडिट नाहीतरी मिळतंच, तेव्हा खरी बचत 82,500. चांगली आहे. हाच माल 3 लाखांचा आणि बेसिक 2.5 टक्के असेल तर बचत 8,250 रुपये, आणि तेवढ्यासाठी प्रमाणपत्र, पत्रव्यवहार, चौकशीची टांगती तलवार. बरेच छोटे आयातदार सवलत हक्काची असूनही पूर्ण ड्युटी भरून मोकळे होतात ते यामुळे. यात अडाणीपणा नाही.

आणि वाचलेले पैसे आले कुठून? जेकब वायनर यांनी 1950 मध्ये दाखवलेली ही मेख. जगात सर्वांत स्वस्त देश तो भाग 100 ला देतो, करारातला देश 108 ला. दोघांवर 10 टक्के ड्युटी असताना 110 विरुद्ध 118.80, माल स्वस्त देशाकडून यायचा. करारानंतर 110 विरुद्ध 108. गिऱ्हाइकाचे 2 वाचले, सरकारचे 10 बुडाले, आणि माल महाग बनवणाऱ्याकडून येऊ लागला. नव्या व्यापाराबरोबर हा 'वळलेला' व्यापारही वाढीच्या आकड्यात मिसळलेला असतो.

सवलत घ्यायचीच ठरली तर चुका कुठे होतात? बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं कस्टम्सकडचं घोषणापत्र, भरतानाच सवलतीचा दावा करावा लागतो. आसियानचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म एआय, वैधता 12 महिने. त्यातला एचएस कोड आणि बिल ऑफ एंट्रीतला कोड वेगळा निघणं, ही सगळ्यात नेहमीची अडचण. दुसरी, माल थायलंडचा पण इन्व्हॉइस हाँगकाँगच्या कंपनीचं: हे चालतं, पण फॉर्मवर तिसऱ्या देशाच्या इन्व्हॉइसिंगची खूण हवी. माल निघाल्यावर मागाहून काढलेल्या प्रमाणपत्रावर तशी नोंद हवी. कंटेनर सिंगापूरला बदलला तर प्रश्न नाही, ते आसियानमध्येच आहे. कोलंबोला बदलला तर मूळ देशातून निघालेलं थ्रू बिल ऑफ लेडिंग (पूर्ण प्रवासाची एकच वाहतूक-पावती) दाखवावं लागतं, आणि माल तिथे कस्टम्सच्या ताब्याबाहेर गेला नव्हता हेही.

हे सगळं जुळलं तरी काम संपत नाही. 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार, म्हणजे ओरिजिन तपासण्याचे भारतीय कस्टम्सचे नियम, लागू आहेत. तोपर्यंत 'प्रमाणपत्र आहे ना' एवढं पुरायचं. आता माल तिथलाच आहे याची माहिती आयातदाराकडे स्वतःकडे हवी. कोणती प्रक्रिया झाली, कोणता निकष लागला, मूल्यवाढीचा टक्का कसा काढला, हे फॉर्म एक मध्ये. अधिकाऱ्याने मागितलं तर 10 कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. परदेशी पुरवठादार आपल्या खर्चाचा तपशील सहजासहजी देत नाही, कारण त्यातून त्याचा नफा दिसतो. ऑर्डर देण्याआधीच करारात तशी अट घातली नसेल, तर कंटेनर न्हावा शेवाजवळ द्रोणागिरीच्या एखाद्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) उभा असताना ईमेल करत बसावं लागतं. सीएफएसचं भाडं आणि कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल शिपिंग लाइन लावते ते डिटेन्शन दिवसागणिक चढतं, आणि 82,500 ची बचत पाहता पाहता विरते. खात्री पटली नाही तर मूळ देशाकडे पडताळणी जाते; तोवर माल हवा असेल तर तात्पुरत्या निर्धारणावर, फरकाची हमी देऊन सोडवता येतो. माल विकला गेला, पैसे आले, तरी ती फाइल बिल ऑफ एंट्रीच्या तारखेपासून पाच वर्षं कपाटात ठेवायची.